गेटबाहेरचा सिनेमा

१८९५ साली लुमिएर बंधूंनी ल्यों शहरातल्या स्वतःच्याच कारखान्यासमोर कॅमेरा उभा केला आणि सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. जेमतेम पाऊण मिनिटाचा तुकडा. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये तिकीट लावून जे पहिले खेळ झाले, त्यांत तो होता. म्हणजे सिनेमाची सुरुवातच मुळी पाळी सुटण्यापासून झाली. भोसरी, आकुर्डी, चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात तोच प्रसंग रोज तीनदा घडतो, पण त्याच्यासमोर कॅमेरा लावणारं कुणी नसतं. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांत आत शिरतानाच सिक्युरिटीवाला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो, पुढच्यावर एक, मागच्यावर एक, आणि बाहेर पडताना ते जागेवर आहेत ना हे बघतो. मग खराबवाडीच्या किंवा महाळुंग्याच्या कॉट बेसिसच्या खोलीवर येऊन तो स्टिकर नखाने खरवडायचा आणि त्याच फोनवर काहीतरी बघत पडायचं.

काय बघायचं, हा या लेखाचा प्रश्न. रील्स बघण्यात वाईट काही नाही. सीएनसीवर एखादा जॉब उतरताना दाखवणारे व्हिडिओ तर मीही तासन्‌तास बघू शकतो. पण ज्याला थोडं वेगळं हवं आहे, जुना मराठी सिनेमा धड प्रिंटमध्ये, एखादा माहितीपट, प्रायोगिक लघुपट, चित्रकारांनी केलेलं व्हिडिओचं काम, त्याला ते इंटरनेटवर सापडतं का, कुठे सापडतं आणि अडतं कुठे, याचा हिशेब मांडण्यासारखा आहे.

पूर्वी हा प्रश्न पुण्याच्या पेठांत आणि लॉ कॉलेज रस्त्यावर सुटायचा. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या ‘प्रभात’ स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) उभी राहिली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी तिथे फिल्मचे डबे गोळा करत आयुष्य घालवलं. फिल्म सोसायट्या होत्या, २००२ साली ‘पिफ’ महोत्सव आला. पुण्यात राहणाऱ्याला जगाचा सिनेमा चालत जाण्याच्या अंतरावर होता. चाकणहून मात्र तो कधीच जवळ नव्हता. संध्याकाळच्या खेळाला पोचायचं तर तळेगाव चौकातली कोंडी पार करायची, नाशिक फाट्याला पुन्हा अडकायचं. आणि खेळ असायचा शनिवार-रविवारी, तर भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. मेट्रोने पिंपरीकरांचं अंतर कमी केलं, पाळीचं गणित आहे तिथेच आहे. म्हणून या पट्ट्यासाठी ऑनलाइन सिनेमा ही पर्यायी सोय नव्हती, बहुतेकांची तीच पहिली फिल्म सोसायटी.

मधला टप्पा चोरीच्या प्रतींचा. त्याबद्दल सभ्य लेखांत बोललं जात नाही, पण आढाव्यात तो गाळणं खोटेपणाचं होईल. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ सालचा; चित्रपटगृहांत तो लागला २०१४ साली. मधल्या पंचवीस वर्षांत त्याचा जो काही बोलबाला झाला तो हातोहात फिरलेल्या, धुरकट, कोपऱ्यात आकडे चमकणाऱ्या प्रतींवर. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आला, डेटा स्वस्त झाला आणि टॉरेंट लावून रात्रभर वाट बघण्याची गरज संपली. तेव्हापासून अडचण मिळण्याची राहिली नाही, ओळखण्याची झाली.

ती कशी, ते एका उदाहरणावरून बघू. यूट्यूबवर ‘मोलकरीण’ असं लिहून शोधा. समोर येतो तो १९६३चा सुलोचनाबाईंचा ‘मोलकरीण’: पोटच्या मुलाच्या घरी आई मोलकरीण म्हणून राबते, प्रेक्षक रुमाल शोधतात. चित्रपट आपल्या जागी ठीकच आहे. त्याच्या खाली गाणी, गाण्यांचे रिमिक्स, मग एखाद्या मालिकेतलं मोलकरणीचं भांडण. यानंतर यूट्यूब तुम्हाला आठवडाभर रडवेल, पण १९८१चा ‘मोलकरीण’ दाखवेलच असं नाही. हा दुसरा ‘मोलकरीण’ पंचवीसेक मिनिटांचा, कृष्णधवल, सोळा मिलिमीटरवर चित्रित केलेला मराठी माहितीपट आहे. पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, त्याची ही गोष्ट. ती सांगतात त्याच बायका, आपल्या बोलीत, पगाराच्या आणि खाड्याच्या हिशेबासकट. दीपा धनराज, अभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या गटाने तो केला. ‘युगांतर’ हा शब्द माहीत असेल तर तो पाच मिनिटांत सापडतो, कारण गटाचे चित्रपट त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत बघायला ठेवले आहेत. तो शब्द माहीत नसेल तर चित्रपट जवळपास अस्तित्वातच नाही.

याच गटाचा १९८२चा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ माझ्या मते आणखी मोलाचा आहे. चित्रण निपाणीतलं. नकाशावर निपाणी कर्नाटकात, पण पडद्यावरच्या बायका बोलतात ते आपलं सीमाभागातलं मराठी. तंबाखूच्या वखारीत, धुळीत, तोंडाला पदर बांधून चाललेलं काम, आणि मग त्याच बायकांची एकजूट. कॅमेरा कारखान्याच्या आत आहे, हे इथे महत्त्वाचं. आत काय चालतं हे दाखवणारे मराठी चित्रपट हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. चाकणमध्ये हार्नेसच्या लाइनवर आठ तास उभं राहून काम करणाऱ्या मुलींना हा चित्रपट दाखवला तर त्यातलं बरंच काही त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

आणि हे चित्रपट आज दिसतात ते कशामुळे? बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेने ते डिजिटल केले म्हणून. ‘घाशीराम कोतवाल’चं तेच झालं. तेंडुलकरांच्या नाटकावरचा हा १९७६चा चित्रपट ‘युक्त’ नावाच्या सहकारी गटाने केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही त्यातली नावं. टिकलेली प्रिंट होती आर्सेनालकडे, तिथेच तिचं डिजिटलीकरण झालं. पुण्यातल्या मोलकरणी, निपाणीच्या कामगार बायका आणि पेशवाईतला पुण्याचा कोतवाल, तिघंही बर्लिनला जाऊन परत आले. याचा अभिमान वाटावा की लाज, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला राग येतो. राग येताना हेही आठवतं की २००३च्या जानेवारीत एफटीआयआयच्या आवारात साठवणुकीच्या दालनाला आग लागली आणि नायट्रेटवरच्या कितीतरी जुन्या प्रिंट जळून गेल्या, त्यांत ‘प्रभात’चा ठेवाही होता. जपणूक महाग असते. ती कुणीतरी केली, याबद्दल निदान पोस्टाचं तिकीट लावून आभार मानायला हवेत.

‘प्रभात’चा विषय निघालाच आहे तर ‘संत तुकाराम’बद्दल. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६चा चित्रपट, विष्णुपंत पागनीस तुकोबा; पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची गणना उत्तम चित्रपटांत झाली. आकुर्डीहून देहू हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या पट्ट्याचा हा घरचाच सिनेमा. यूट्यूबवर तो अनेक वाहिन्यांनी चढवला आहे. गंमत अशी की त्या काळचा पडदा जवळपास चौकोनी, आणि आजचे चढवणारे उत्साही लोक आडव्या पडद्यावर रिकामी जागा दिसू नये म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी ताणतात. तुकोबा पैलवान दिसतात. एक सोपी खूण सांगतो: गाडीचं चाक दिसेल तिथे थांबा. चाक लंबगोल असेल तर ती प्रत सोडा, दुसरी शोधा. कोपऱ्यात वाहिनीचं मोठं बोधचिन्ह असेल, मधेच गाणं कापलं असेल, तरीही दुसरी शोधा. इतकं केलं तर बरी प्रत मिळून जाते.

जुन्या सिनेमाच्या इतक्या प्रती चढवता येतात यामागे कायदा आहे. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. ‘श्यामची आई’ (१९५३), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हे सगळे त्या मुदतीपलीकडे गेलेले चित्रपट. दर १ जानेवारीला आणखी एक वर्ष मोकळं होतं. याचा सगळ्यांत शहाणा वापर केला तो ‘इंडियनसिने.मा’ या संग्रहाने, २०१३पासून. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांच्या भारतीय सिनेमाच्या कोशाचा पाया घेऊन त्यांनी चित्रपटांची सूची उभी केली, मुदत संपलेले चित्रपट पूर्ण बघायला ठेवले आणि चित्रपटाच्या कुठल्याही क्षणाशी टीप जोडायची सोय केली. त्याचं थोरलं भावंड ‘पॅड.मा’, २००८चं. मुंबईचा ‘कॅम्प’ हा कलाकारांचा गट, ‘मजलिस’, बंगळुरूचा ‘अल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि इतरांनी मिळून ते उभारलं. तिथे तयार चित्रपटांपेक्षा कच्चं चित्रण जास्त आहे: संपादनात गळालेले तास, मुलाखतींचे न कापलेले ताव, त्यांच्याखाली वेळेनुसार लिहिलेले संवाद. शब्द शोधला की तो उच्चारला गेला त्या सेकंदावर तुम्ही पोचता. यूट्यूबला जे जमत नाही ते इथे होतं, कारण कुणीतरी बसून ऐकून लिहून काढलेलं असतं. दोन्ही ठिकाणं दिसायला रुक्ष आहेत आणि फोनवर वापरायला त्रासदायक. लॅपटॉप लागतो, तोच इथल्या खोल्यांवर नसतो. ही अडचण छोटी नाही.

आता फिल्म्स डिव्हिजन. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी ‘भारतीय समाचार चित्र’ आणि एखादा सरकारी माहितीपट सक्तीने दाखवायचे, तेवढ्यात लोक बाहेर जाऊन विडी ओढून येत. १९४८ साली सुरू झालेल्या या सरकारी खात्याचं काम म्हणजे धरणं, लस आणि कुटुंब नियोजन असा आपला समज, आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण १९६५च्या आसपास जाँ भावनगरी तिथे सल्लागार असताना काही वर्षं अशी गेली की सरकारच्या पैशाने भन्नाट प्रयोग झाले. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) घ्या: स्वातंत्र्यासोबत जन्मलेली मुलं वीस वर्षांची झाली, त्यांना देशाबद्दल काय वाटतं हे विचारलं, आणि उत्तरं अजिबात सरकारी नाहीत. प्रमोद पतींचा ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) सातेक मिनिटांचा. निवेदन नाही, तरुणांचा नाच, यंत्रं, प्रयोगशाळा, मंत्र असे तुकडे इतक्या वेगाने आदळतात की आजच्या रील्सवाल्यालाही धाप लागावी. त्यांच्याच ‘आबिद’मध्ये (१९७२) चित्रकार आबिद सुरती एकेक फ्रेमने हलत खोलीच रंगवून काढतात. चित्रकार हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) याच खात्याचा, बर्लिनला सोनेरी अस्वल मिळवणारा. तैयब मेहतांचा ‘कूडल’ (१९७०) वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रित केलेला. जेवणापूर्वी बघू नका. हे सगळं २०२२पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) छत्राखाली आहे आणि यातलं बरंच यूट्यूबवर आहे. प्रेक्षक ज्या दहा मिनिटांत विडीला जात होते, त्या दहा मिनिटांवर आज जगभरच्या कलासंग्रहालयांत कार्यक्रम होतात.

शोधायचं कसं? ‘फिल्म्स डिव्हिजन’ लिहिलंत तर धरणं येतील. दिग्दर्शकाचं नाव लिहा. शास्त्री, पती, भावनगरी, मणी कौल. एका नावावरून दुसरं सापडतं, श्रेयनामावलीतल्या संपादकावरून तिसरं. ऑनलाइन शोधाची माझ्या अनुभवातली एकमेव भरवशाची रीत हीच आहे. यूट्यूबची शिफारस तुम्ही काल काय बघितलं यावर चालते. माणसाची श्रेयनामावली त्याने कुणाबरोबर काम केलं यावर.

व्हिडिओ-कलेकडे याच वाटेने जाता येतं. अकबर पदमसींनी १९६९ ते ७२ या काळात मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ चालवलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र आणले, कॅमेरा आणि संपादनाची यंत्रणा वापरायला दिली. पदमसींचा ‘सिझिजी’ हा रेषा आणि बिंदूंचा, आवाजाविना चालणारा चित्रपट तिथला. त्यांचा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हरवला, कायमचा. २०१६ साली अशीम अहलुवालियांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या चित्रपटावर चित्रपट केला. त्याच कार्यशाळेत विशीतल्या नलिनी मलानींनी ‘ड्रीम हाउसेस’ केला. पुढे त्या भारतातल्या व्हिडिओ-कलेच्या आद्य कलाकारांत गणल्या गेल्या. ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ (१९९८) हे त्यांचं काम मात्र फोनवर बघून कळणार नाही. ते खोलीभर आहे, तुम्ही प्रक्षेपणांच्या मधे उभे राहता. ऑनलाइन मिळते ती त्याची नोंद, काम नव्हे. हा फरक इथे मान्यच करावा लागतो. कॅम्पच्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’चंही (२०२२) तसंच: पस्तीस मजली इमारतीवरच्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याने मुंबई बघितली आहे, आणि दाखवायला सात पडदे लागतात. उलट मलानींनीच अलीकडे आयपॅडवर बोटाने काढलेली छोटी ॲनिमेशन इन्स्टाग्रामवर टाकली. ती फोनचीच आहेत, फोनवरच बघायची.

मलानींची मुलगी पायल कपाडिया. कान महोत्सवात २०२४ साली ग्रां प्री मिळवणाऱ्या त्यांच्या चित्रपटाबद्दल सगळ्यांना माहीत आहे. मी सुचवेन तो त्यांचा आधीचा ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’ (२०१८). भीमाशंकरच्या जंगलालगतचं गाव, मध शोधणारा माणूस, दुपारी हळू आवाजात जुन्या प्रेमाबद्दल बोलणाऱ्या बायका, आणि भाषा मराठी. चाकणहून मंचर-घोडेगावमार्गे जो रस्ता जातो त्याच्या टोकाचा हा सिनेमा, पण तो पहिल्यांदा गाजला बर्लिनलाच. एफटीआयआयमधला उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ (२००५) ज्याने बघितला नाही त्याने आज रात्री बघावा: घरात पिठाची गिरणी येते, आईचा संसार तिच्यावर उभा राहतो आणि पोराचं बालपण त्या घरघरीत अडकतं. यंत्र घरात आल्यावर काय होतं यावर मराठीत याहून नेमकं काही सांगितलं गेलंय असं मला वाटत नाही.

बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. ‘मुबी’ २०१९च्या अखेरीस भारतात आलं, पैसे पडतात, निवड माणसं करतात, म्हणून पैसे वाजवी. ‘ले सिनेमा क्लब’ आठवड्याला एक चित्रपट मोफत दाखवतं. ‘विमिओ’वर कलाकार स्वतः काम ठेवतात, पण निम्म्या दुव्यांना कुलूप असतं. ‘उबूवेब’ १९९६पासून कुणाची फारशी परवानगी न विचारता प्रायोगिक चित्रपटांचा डोंगर रचत आलं. नीतीचं तुम्ही बघा. ‘पीएसबीटी’ या संस्थेचे भारतीय माहितीपट यूट्यूबवर आहेत आणि आनंद पटवर्धनांनी ‘राम के नाम’सारखे आपले चित्रपट स्वतः तिथे ठेवले आहेत.

एका प्रकल्पावर मात्र थांबायला हवं. जर्मन दिग्दर्शक हारुन फारोकी यांनी १९९५ साली, लुमिएरच्या त्या तुकड्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, ‘वर्कर्स लीव्हिंग द फॅक्टरी’ केला. शंभर वर्षांच्या चित्रपटांतली गेटवरची दृश्यं एकत्र लावून त्यांनी दाखवलं की कॅमेरा बहुतेक वेळा गेटबाहेरच राहिला. सिनेमातल्या माणसाचं आयुष्य काम संपल्यावर सुरू होतं. मग २०११पासून अँट्ये एहमान यांच्यासोबत त्यांनी पंधरा शहरांत कार्यशाळा घेतल्या, बंगळुरूतही. नियम तीन: विषय काम, लांबी एक-दोन मिनिटं, शॉट एकच, कापाकापी नाही. ‘लेबर इन अ सिंगल शॉट’ या नावाने ते शेकडो तुकडे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, शहरानुसार लावलेले. भाषेची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही. कुणी धुतंय, कुणी शिवतंय, कुणी ओझं वाहतंय. ज्याने शॉप फ्लोअरवर दिवस काढलेत तो हे तुकडे समीक्षकापेक्षा बारकाईने बघेल: हात कुठे वाचवला, हालचाल कुठे फुकट गेली, कुणाची कंबर सायंकाळी धरणार. नियमांत कारखान्याच्या आत जाण्याची अट नाही. तळेगाव चौकातला वडापाववाला, कंपनीच्या बसचा टायर बदलणारा, पहाटे आलेली भाजी उतरवणारी माणसं, यांच्यासमोर कॅमेरा धरला तर त्यावर स्टिकर लावायला कुणी येत नाही.

राहता राहिला वाटाड्यांचा प्रश्न. मराठीत सिनेमावर लिहिणारे चांगले आहेत. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेलं, त्यांनी भूपेन खख्खर, मलानी आणि विवान सुंदरम यांच्यावर ‘फिगर्स ऑफ थॉट’ हा माहितीपटही केला. गणेश मतकरी वर्षानुवर्षं जगाच्या सिनेमाबद्दल सोप्या मराठीत लिहीत आले. प्रभात चित्र मंडळाचं ‘रूपवाणी’ हे नियतकालिक आहे. पण हे लेखन चित्रपट कसा आहे ते सांगतं, तो कुठे आणि कुठल्या प्रतीत बघावा ते क्वचित. दुवा, लांबी, भाषा, प्रत बरी की वाईट, एवढ्या चार गोष्टींची मराठी यादी कुणी केली तर ती दहा परीक्षणांपेक्षा जास्त कामी येईल.

आणि सबटायटल. निपाणीच्या बायकांच्या मराठीवर इंग्रजी अक्षरं चढली आहेत, ती ज्यांच्यासाठी चढली त्यांच्यासाठी ठीक. उलट दिशेने, परक्या भाषेतल्या चित्रपटाला मराठी अक्षरं, हे जवळजवळ होत नाही. यूट्यूबवर प्रेक्षकांनी स्वतः सबटायटल लिहून द्यायची सोय होती, ती कंपनीने सप्टेंबर २०२०मध्ये बंद केली. फिल्म्स डिव्हिजनची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. त्यांचे माहितीपट टॉकीजसाठी अनेक भारतीय भाषांत काढले जात, त्यांत मराठीही होती. खणखणीत मराठी निवेदन आमच्या आधीच्या पिढीने अंधारात ऐकलेलं आहे. यूट्यूबवर चढल्या त्या प्रती मात्र मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी. मराठी निवेदनासाठी नवा पैसा खर्चून नवं काही लिहून घ्यायची गरज नाही. एनएफडीसीने डब्यातला मराठी ध्वनिपट काढून त्याच चित्रावर लावायचा आहे.